गरम बाजू, थंड बाजू

अकोल्यात हीटर विकत घेणाऱ्या माणसाला लोक वेड्यात काढतात आणि योग्यच करतात. ज्या गावात मे महिन्यात नळाला चहाच्या आधणासारखं पाणी येतं, तिथं ऊब विकत कशाला घ्यायची? मीही जन्मभर हेच म्हणत आलो. पण आता जठारपेठेतल्या माझ्या घरात एक हीटर आहे. वहीच्या पानाएवढा, पातळ, काळा. तो माझ्यासाठी नाही, एका पालीसाठी आहे.

पाल म्हटलं की अवनीला राग येतो. अवनी माझी एकुलती एक मुलगी, सध्या कॅनडात असते. "गेको म्हणा, बाबा. लेपर्ड गेको." बरं, गेको. पण चार पाय, शेपटी आणि भिंतीवर असती तर झाडूनं हाकलली असती अशा प्राण्याला मी मनातल्या मनात काय म्हणायचं ते माझं मी ठरवीन. नाव मात्र चांगलं आहे, बुंदी. पिवळं अंग आणि त्यावर दाणे सांडल्यासारखे काळे ठिपके. अवनी पुण्यात नोकरीला असताना तिच्या मैत्रिणीचं लग्न ठरलं. सासरी बुंदी चालणार नव्हती, म्हणून ती अवनीच्या गळ्यात पडली. अवनी परदेशी निघाली तेव्हा माझ्या. मी वकिली केलेला माणूस, आधी कागद मागितले. कागद चोख निघाले, त्यामुळे नाही म्हणायला कारण उरलं नाही.

काचपेटी घेऊन आला विपुल. हा अमरावतीचा, अवनीच्या कॉलेजातला मित्र. त्यानं पेटी टेबलावर ठेवली, तो काळा हीटर पेटीच्या खालून एका कडेला चिकटवला आणि मला अर्धा दिवस शिकवणी दिली.

"काका, हिला स्वतःची ऊब नसते. बाहेरून घ्यावी लागते. पण सगळी पेटी तापवायची नाही. एक बाजू गरम, एक थंड. कुठं बसायचं ते ती ठरवते."

"आणि मी काय ठरवायचं?"

"तुम्ही फक्त पाहायचं."

गरम बाजूला एकतीस-बत्तीस, थंड बाजूला पंचवीसच्या आसपास. दोन्हीकडे एकेक थर्मामीटर. हीटर फार तापला तर आपोआप बंद करणारं एक यंत्र, त्याची तार गरम बाजूच्या तळाशी पक्की चिकटवलेली. ती तार निघाली तर यंत्राला कळत नाही, हीटर तापत राहतो आणि बुंदीचं पोट भाजतं. पेटीवर गोधडी टाकायची नाही. लाइन गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीला बाहेरून लावायची, तीही एकाच बाजूला. विपुलनं विजेचं सगळं सांगितलं. उन्हाचं काही सांगितलं नाही. फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोराला ते सुचलं नसावं.

बुंदी येण्याच्या आदल्या दिवाळीच्या तोंडावर गोदावरी गेली होती, माझी बायको. त्यानंतर घरात माझ्याखेरीज हालणारं काही नव्हतं. लोकांना वाटतं बायको गेली की जेवणाचे हाल होतात. जेवणाचं होतं काहीतरी. हाल होतात ते संध्याकाळी, पेपरात काही मूर्खपणाचं छापून आलं आणि "हे बघ" म्हणायला तोंड उघडलं की. मी ते वाक्य अर्ध्यावर गिळायला शिकलो होतो.

बुंदी आली आणि निदान अवनीचा फोन नेमानं यायला लागला. दर रविवारी सकाळी. तो फोन कसा असे ते सांगतो.

"बाबा, गरम बाजू किती?"

"एकतीस."

"थंड?"

"चोवीस."

"बुंदी जेवली का?"

"दोन अळ्या खाल्ल्या."

"बरं. ठेवते मग."

झालं. साक्षीदाराची उलटतपासणीसुद्धा याहून मायेनं घेतात. तिच्या आईचा विषय ती काढत नसे, मीही काढत नसे. मी कसा आहे हे ती विचारत नसे, आणि न विचारता सांगायला मी काही लहान मूल नाही. पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. बुंदी आहे तोवर हा फोन आहे. बुंदीला काही झालं तर अवनीला मला विचारण्यासारखं काय उरेल? म्हणून मी त्या थर्मामीटरांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायचो. पालीच्या प्रेमानं नव्हे. माझ्या गरजेनं.

डिसेंबरात थंडी पडली. आमची घरं बांधलेली उन्हाळ्यासाठी, जाड भिंती, उंच छत, खाली शहाबादी फरशी. त्यामुळे थंडीत बाहेरच्यापेक्षा घरातच जास्त गारठा असतो. अख्खी गल्ली सकाळी उन्हात येऊन बसते. कोणी लसूण सोलतं, कोणी लेकराला तेल लावतं, कोणी नुसतंच उन्हाकडे पाठ करून बसतं. गोदावरीही तिथंच बसायची. ती गेल्यापासून मी त्या उन्हात गेलो नव्हतो. तिथं सगळे कोणाच्या तरी सोबत येतात.

त्या दिवशी दुरुस्तीसाठी सकाळपासून लाइन बंद होती, चार वाजता येईल म्हणे. मी पाणी गरम केलं, बाटली गुंडाळली, पेटीला लावली. ती गार झाली. पुन्हा केलं. पुन्हा गार. गरम बाजू बावीसवर आली आणि बुंदी पेटीतल्या आपल्या लपायच्या डबीत अंगाचं मुटकुळं करून पडली. मी मफलर बांधून तिच्यासमोर बसलो. खोलीत आम्ही दोघंच, आणि दोघंही गार.

खिडकीतून आशाबाईंनी पाहिलं. या शेजारच्या. मोर्शीकडच्या, घरची संत्र्याची बाग असलेल्या. मुलाच्या नोकरीपायी अकोल्याला आलेल्या. यांना गप्प बसणं ठाऊक नाही.

"वकीलसाहेब, काहून असे अंधारात बसले? उन्हात या न."

"बुंदीला सोडून कसा येऊ? लाइन नाही, तिची पेटी गार पडली."

"मंग तिले बी आना. लेकराले थंडी वाजली त आपन उन्हात नाई नेत का? थे बी जीवच हाय न."

यात चूक काय होती? मला त्या क्षणी काही दिसली नाही. आमच्याकडे नुकतं जन्मलेलं मूल, वाळवण, गाद्या, म्हातारी माणसं, सगळं हिवाळ्यात उन्हातच शेकलं जातं. शिवाय मी नुसता ऐकणारा माणूस नाही, डोकं चालवणारा आहे. अंगणात पेरूचं झाड आहे. पेटी अशी ठेवायची की अर्धी उन्हात, अर्धी पेरूच्या सावलीत. गरम बाजू, थंड बाजू. कुठं बसायचं ते ती ठरवील. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

वायरी काढल्या. आशाबाईंनी पेटीची एक बाजू धरली, "हे राम, किती वजन हाय हो," म्हणत, आणि आम्ही ती बाहेर आणली. मी खुर्ची टाकली. समोरच्या घरातली सून लसूण सोलत होती, तिनं पाल पाहून पदर तोंडावर घेतला आणि मग हळूच जवळ आली. कोणीतरी विचारलं, "चावते का हो?" कोणीतरी, "खाते काय?" मी सांगत गेलो. माझ्याभोवती माणसं उभी होती आणि मी बोलत होतो. किती दिवसांनी पाठीला ऊन लागलं! आशाबाईंनी एक संत्रं सोलून अर्धं माझ्या हातात दिलं, बाकीचं स्वतः खाल्लं. मला इतकं बरं वाटलं की त्या बरं वाटण्याचीच मला लाज वाटली.

बुंदी डबीतून बाहेर आली. दिवसा ती कधी येत नाही. मला वाटलं, तिलाही आवडलं.

हळूहळू बायका स्वयंपाकाला उठल्या. आशाबाईही गेल्या. मी बुंदीशेजारी बसून राहिलो, आणि तेवढ्यात घरात फोन वाजला.

रविवार नव्हता. मी इतक्या घाईनं उठलो की खुर्ची पडली. फोन स्वयंपाकघराच्या फळीवर होता, सकाळपासून चार्जिंग नसल्यानं बॅटरीचं चिन्ह लाल. अवनीच होती. तिच्याकडे रात्र, जेवणाची वेळ.

"बाबा, गोळाभाताचे गोळे फुटताहेत."

गरम बाजू किती, यासाठी मी तयार होतो.

"कसे फुटतात?"

"भातात घातले की विरघळतात. सगळं पिठलं झालंय. आई काय करायची?"

आई. हा शब्द तिनं सव्वा वर्षात माझ्याशी उच्चारला नव्हता. मी गोदावरीच्या स्टुलावर बसलो आणि आठवायला लागलो. स्वयंपाकात मला शून्य कळतं, पण त्या स्टुलासमोर पेपर घेऊन मी जन्म काढलाय. मी म्हणालो, "ती डाळीचा भरडा घ्यायची, बारीक पीठ नाही. त्यात कडकडीत तेल घालायची. आणि भाताचं पाणी आटत आलं की मगच गोळे वर ठेवायची. ढवळायची नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी एकदा ढवळला होता. जेवण संपेपर्यंत बोलली नाही माझ्याशी."

अवनी हसली. मग त्या हसण्याचंच रडू झालं. मी "अवनी" म्हटलं, "रडू नको" म्हणालो नाही. ती बोलायला लागली. तिथल्या खोलीबद्दल, खिडकीबाहेरच्या बर्फाबद्दल, कामावरून येताना कोणाशीच न बोलता येण्याबद्दल. आईच्या शालीबद्दल, जी नेऊ का विचारायचं तिनं धाडस केलं नव्हतं. मी नुसता हूं हूं करत होतो. हा फोन संपू नये एवढंच मला वाटत होतं.

आणि मग मला ऊन दिसलं. आमच्या स्वयंपाकघरात दक्षिणेची खिडकी आहे. हिवाळ्यात तिथून येणारं ऊन डब्यांच्या फळीवर पोचलं की गोदावरी भात लावायची. आता ते तांदळाच्या डब्यावर आलं होतं. म्हणजे सूर्य वर आला होता. म्हणजे पेरूची सावली सरकली होती.

मी स्टुलावरून उठायला लागलो. पण त्याच वेळी अवनी म्हणत होती, "आई गेल्यावर तुम्ही माझ्यासमोर एकदाही रडला नाहीत, बाबा. मला वाटलं, मी तिचं नाव काढलं तर तुम्ही कोलमडाल. तुम्ही कसे आहात हे विचारायचीच भीती वाटते मला. म्हणून..."

आता तिला थांबवलं तर ती हे परत कधी बोलेल? मी माझ्या मुलीला ओळखतो. ती माझ्यावर गेली आहे, अर्ध्यावर गिळलेलं वाक्य ती पुन्हा बाहेर काढत नाही. बाहेर एक जीव तापत होता आणि मी तिचं वाक्य संपेपर्यंत बसून राहिलो. हो, बसून राहिलो.

"म्हणून मी बुंदीचंच विचारते," ती म्हणाली.

"अवनी," मी म्हणालो, "बुंदी उन्हात आहे."

"काय?"

"लाइन नाही. मी पेटी अंगणात ठेवली होती, अर्ध्या सावलीत. सावली गेली असेल."

"काचेची पेटी? उन्हात? बाबा, भट्टी होते तिची! पळा!"

या वयात मी फोन हातात धरून पळालो. पेटी पूर्ण उन्हात होती. काचेला हात लागताच चटका बसला. बुंदी सर्वांत लांबच्या कोपऱ्यात काचेला चिकटून होती, तोंड उघडं, पाय पसरलेले. गरम बाजू होती, थंड बाजू नव्हतीच. ठरवायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

"हलते का?" फोनमधून आवाज आला.

"नाही."

"बाहेर काढा. हातात घ्या."

मी तिला कधी हात लावला नव्हता. अळ्यासुद्धा चिमट्यानं द्यायचो. आता फोन खिशात टाकला, दोन्ही हात घातले आणि उचललं. किती हलकी! आणि किती मऊ, माझ्या वेड्या कल्पनेत ती खरखरीत होती. मी तिला घरात आणलं. ज्या गारठ्याला सकाळपासून शिव्या देत होतो तो गारठा आता मला देवासारखा वाटला.

"फ्रिजमधलं पाणी नको," अवनी सांगत होती. "एकदम गार काही नको. साधं पाणी, बशीत, फक्त पाय बुडतील एवढं. नाकाला लावू नका. फडकं ओलं करून पाठीवरून हळू फिरवा."

मी बशीत पाणी घेतलं. फोन टेबलावर, स्पीकरवर. बुंदीला बशीत ठेवलं, गळ्याखाली बोट धरलं आणि फडकं फिरवत राहिलो. तोंड उघडंच होतं. अवनी दर थोड्या वेळानं "बाबा?" म्हणायची, मी "अजून नाही" म्हणायचो. मला रडू फुटलं. गोदावरी दवाखान्यात गेली तेव्हा फुटलं नव्हतं, घाटावर फुटलं नव्हतं, आणि एका पालीच्या पाठीवरून फडकं फिरवताना फुटलं. अवनीला ते ऐकू येत होतं. येऊ दे म्हटलं.

मग बोटाखाली तिचा गळा हालला. तोंड मिटलं. आणि तिनं जीभ बाहेर काढून स्वतःचा डोळा चाटला. ही तिची सवय, आरामात असली की करते.

"डोळा चाटला," मी म्हणालो. "अवनी, तिनं डोळा चाटला!"

पलीकडून अवनीनं सोडलेला श्वास ऐकू आला. "आता डबीत ठेवा, घरातच. पेटी गार होईपर्यंत पेटीत नको. मी विपुलला सांगते, संध्याकाळी अमरावतीहून येऊन पाहील तो. त्याच्या ओळखीचे डॉक्टरही आहेत."

"बरं," मी म्हणालो, आणि "ठेवते मग" याची वाट पाहू लागलो.

"बाबा," ती म्हणाली, "फोन ठेवू नका."

"नाही ठेवत."

बुंदी माझ्या तळहातावर होती, डबीत ठेवायचं राहूनच गेलं होतं. मी डोळे पुसले. कोर्टात मला कधी शब्द कमी पडले नाहीत, इथं एक वाक्य जुळवायला घाम फुटला. शेवटी ते बोललो.

"मला इथं फार एकटं वाटतं, अवनी."

ती काही बोलली नाही. मला ते बरंच वाटलं. घाईनं समजूत घातली असती तर मी चिडलो असतो. मी तिच्या गप्प बसण्याला कान लावून बसलो. माझ्या मनात आलं, आता तीही रडत असेल, तिला वेळ द्यावा. असा कितीतरी वेळ गेला. बुंदीनं कूस बदलली तशी माझी नजर फोनकडे गेली. पडदा काळा होता. बॅटरी संपली होती. माझ्या वाक्याच्या आधी की नंतर, कोण जाणे. मी एका बंद फोनला कान लावून बसलो होतो.

त्यानंतर लाइन येईपर्यंतचा वेळ मला फार जड गेला. पेटी आत आणायला आशाबाईंना हाक मारली. त्यांनी माझा चेहरा पाहिला, डबीतली बुंदी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "माह्याच मुळं झालं हो भाऊ हे," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "नाही, आशाबाई. उन्हात बसायला मलाच यायचं होतं." त्या म्हणाल्या, "मंग उद्या बी या न. तिले घरात ठेवा, अन् तुमी या."

लाइन आली. हीटरचा दिवा लागला. तार जागेवर आहे ना ते बोटानं दाबून पाहिलं, पेटी पुसली, दोन्ही थर्मामीटर लावले. फोन चार्जिंगला लावला. काटे चढायची वाट पाहिली आणि बुंदीला आत सोडलं. ती दोन्हीकडे जाऊन आली आणि मधोमध बसली.

फोन सुरू झाला आणि लगेच वाजला. अवनीकडे तेव्हा पहाट व्हायची होती. ती झोपलीच नव्हती.

"बुंदी ठीक आहे," मी घाईघाईनं म्हणालो. "गरम बाजू एकतीस, थंड बाजू..."

"ते राहू द्या, बाबा. मघाशी तुम्ही 'मला इथं' म्हणालात आणि फोन बंद पडला. पुढं काय म्हणालात?"

काही नाही, असं सांगणं सोपं होतं. समोर दोन थर्मामीटर होते, त्यांचे आकडे वाचून दाखवता आले असते. मी स्टूल ओढलं आणि बसलो. ते वाक्य मी पुन्हा म्हणालो, या वेळी पहिल्या शब्दापासून, सावकाश.